आत्मकथन लिहायचंय? आधी ते ‘जायचो-यायचो’ थांबवा

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नव्या पेठेतनं दोनशे पानी वही आणली आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘माझा जन्म सोलापुरातील एका गरीब परंतु कष्टाळू विणकर कुटुंबात झाला.’ लै भारी वाटलं. चहा ठेवला, प्यायले, आणि मग एका बैठकीत बावीस पानं. मुलीला वाचायला दिली तर ती सातव्या पानावर थांबून म्हणाली, मम्मी, हे शाळेतल्या निबंधासारखं वाटायलंय, यात तू कुठंयस? राग आला, खोटं कशाला सांगू, दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वही परत उघडली आणि कळलं की पोरगी बरोबर बोलली होती.

त्याला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी एकाच्या गच्चीवर बसून एकमेकांचं वाचतो, सगळे साठीच्या आसपासचे, कुणी शिक्षक होतं, कुणी एसटीत, एक काकू आयुष्यभर विड्या वळलेल्या आणि आता नातीकडनं मोबाईलवर टाईप करून घेणाऱ्या. कोर्स वगैरे कुणी केलेला नाही. हे खाली लिहितेय ते सगळं आमच्या चुकांमधनं आलेलं आहे, त्यामुळं क्रम थोडा इकडं तिकडं होईल, चालवून घ्या.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती सहाच्या सहा जणांनी केली. माझ्या पहिल्या वहीतलं एक पान असं होतं (आमच्या घरातल्या तेलुगूत नान्ना म्हणजे वडील):

‘आम्ही पूर्व भागात राहायचो. नान्ना पहाटे कारखान्यावर जायचे. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. संध्याकाळी नान्ना दमून यायचे. त्यांच्या केसात सुताचा कापूस असायचा. गड्ड्याच्या यात्रेला आम्ही सगळे जायचो.’

एक शब्द खोटा नाही यात. पण काय घडलं? काहीच नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याला रीतिभूतकाळ म्हणतात, जायचो, यायचो, खायचो, असायचं. हा काळ दहा वर्षांचे साडेतीन हजारांहून जास्त दिवस घेतो, त्यांचा एकच गठ्ठा बांधतो आणि वर बसून बोलतो. आणि बोलणारी कोण असते? आजची मी, साठ वर्षांची, जिला सगळे दिवस सारखे दिसतात कारण ती लांब आहे. आठ वर्षांच्या पोरीला ‘जायचो’ माहीतच नसतं हो, तिला फक्त आज माहीत असतो. आज यात्रेला गेलो, आज चप्पल हरवली, आज मार बसला.

तेच पान मी नंतर असं लिहिलं:

‘त्या दिवशी नान्ना दुपारीच घरी आले. हातात डबा होता, उघडलाच नव्हता. अम्मानं विडी वळता वळता मान वर केली, तिन्नरा? नान्नांनी डबा खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. अम्मा पुढची विडी वळायला लागली. मी डब्याकडं बघत होते, कारण त्यात शेंगाचटणी होती आणि सकाळी ती मला मिळाली नव्हती.’

गरीब हा शब्द नाही, कष्टाळू नाही, दुःख नाही. माझ्या गच्चीवरच्या मंडळींपैकी तिघांना तेलुगू येत नाही पण तिन्नरा म्हणजे जेवलात का हे एकानंही विचारलं नाही, डबा उघडला नव्हता त्यातनंच कळलं. आणि काहीतरी वाईट झालंय हे वाचणाऱ्याला कळतं, त्या पोरीला कळत नाही, तिचं लक्ष चटणीवर. या दोन्हीच्या मधे जी फट राहते ना, तिथंच वाचणारा आत येतो.

तर करायचं काय, तुमचं लिहिलेलं एक पान घ्या आणि चो, चा, ची, चे, चं वर संपणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलनं रेघ मारा. (‘आमची’, ‘त्याचं’ मधली सोडा, फक्त क्रियापदं.) पानावर दहाच्या वर रेघा आल्या तर त्या पानात दिवसच नाहीये. मग त्यातली एक ओळ निवडा आणि विचारा, असं एकदा कधी झालं? कुठल्या दिवशी वेगळं झालं? पुढचं वाक्य ‘एकदा’ किंवा ‘त्या दिवशी’नं सुरू करा. रीतिभूतकाळ पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाहीये, दोन-तीन ओळी त्याच्या लागतातच, नाहीतर रोजचं काय होतं हे न कळता मोडलं काय ते कसं कळणार. पण दोन-तीनच. जेवणात मीठ जेवढं तेवढं.

हे एकदा हातात बसलं की दुसरी गोष्ट आपोआप दिसायला लागते, ती म्हणजे आत्मकथनात ‘मी’ एक नसतो, दोन असतात. एक ज्याच्यावर ते घडलं आणि एक जो आता सांगायलाय. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, हे दोघे उघडउघड वेगळे करून समोरासमोर बसवले, शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार. दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. एवढ्या एका युक्तीनं किती काम झालं बघा, लाज, राग, आपण आपल्याच माणसांपासून लांब गेलो ही टोचणी, हे सगळं वेगळं समजावून सांगावंच लागलं नाही. आपल्याला तसं उघड करायची गरज नाही, आणि तीच युक्ती उचलली तर ओळखूही येईल. पण प्रत्येक परिच्छेदात कोण बोलतंय हे आपल्याला तरी माहीत पाहिजे.

आमच्याकडं यासाठी एकदम बाळबोध उपाय आहे. दोन रंगांची पेनं. तेव्हाच्या मीला जे दिसलं, ऐकू आलं, वाटलं ते निळ्यानं अधोरेखित, आजच्या मीला नंतर कळलेलं किंवा आजचं मत ते लालनं. पान सगळं लाल झालं तर ते भाषण आहे. सगळं निळं झालं तर गोड होतं पण थोड्या वेळानं वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की हे मला कशाला सांगायलेत. लाल कुठं यावं याचा मी माझ्यापुरता एक नियम केलाय, आजच्या मीकडं नवीन माहिती असेल तरच तिनं तोंड उघडायचं. म्हणजे वरच्या डब्याच्या सीननंतर चार पानांनी एक लाल ओळ येते, ‘मालकानं त्या दिवशी चार माग विकले होते, त्यात नान्नांचे दोन, हे अम्मानं मला माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलं.’ ही ओळ मागं जाऊन डबा बदलून टाकते. पण ‘गरिबी काय असते हे मला त्या दिवशी समजलं’ ही लाल ओळ काढून टाका, ती आमच्या सहाही वह्यांत होती, शब्दही जवळपास तेच, आणि खरं सांगायचं तर एकालाही त्या दिवशी काही समजलेलं नव्हतं.

वर्तमानकाळाबद्दल थोडक्यात. ‘नान्ना येतात. डबा ठेवतात. आडवे होतात.’ असं लिहिलं की एकदम जवळ येतं, खरंय, पण एसटीतल्या काकांनी अख्खी ऐंशी पानं तशी लिहिली आणि तिसाव्या पानापर्यंत आम्हाला क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतोय असं वाटायला लागलं. एखादा अपघात, एखादं मरण, तेवढ्यापुरता ठेवा.

आता ‘मी’ मोजा. शब्द म्हणून. माझ्या पहिल्या वहीतल्या एका पानावर एकतीस होते. मराठीत ही चैन आहे की क्रियापदच सांगतं कोण ते, ‘उठले, खिडकीपाशी गेले, खाली बघितलं’ यात मी कुठंच नाही तरी बाई बोलतेय हे कळतं. फक्त ‘बघितलं’, ‘खाल्लं’, ‘फेकला’ असल्या क्रियापदात करणारा कोण ते कळत नाही, तिथं गोंधळ होत असेल तर मी ठेवा. बाकीचे निम्मे तरी उडतात आणि पान हलकं होतं. गंमत म्हणजे मी कमी केल्यावरच मुलगी म्हणाली की आता तू दिसायलीस.

आता भाषा, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार कारण सोलापूरकरांचं हे दुखणं वेगळंच आहे. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी, शाळेत मराठी, आणि या चारीची भेळ रस्त्यावर. पहिल्या वहीत माझे नान्ना मला म्हणतात, ‘बाळा, अभ्यास झाला का तुझा?’ अहो माझ्या जन्मात मला कुणी बाळा म्हणालं नाही. नान्ना एक तर काही बोलायचे नाहीत, आणि बोलले तर दोन शब्द. मी काय केलं होतं, तर सगळ्यांना वाचनमालेतलं मराठी बोलायला लावलं होतं, अम्मा, नान्ना, शेजारच्या अव्वा, विड्या तपासणारा चेकर, सगळे एकाच इस्त्रीवाल्याकडनं आलेले.

शांताबाई कांबळे आपल्याच जिल्ह्यातल्या, सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, पुस्तक आलं १९८६ ला. आता ते नाव ‘शुद्ध’ करून बघा, माझ्या जन्माची चित्रकथा. काय राहिलं? लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. त्या शिक्षिका होत्या, त्यांना प्रमाण मराठी येत नव्हतं असं थोडंच आहे. तसंच अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे, त्यांनी १९८४ साली जो शब्द गाव शिवी म्हणून वापरायचं तोच पुस्तकाला नाव म्हणून दिला, ‘अक्करमाशी’. लोक तुम्हाला जे म्हणाले तो शब्द बदलू नका, पचायला जड असेल तर अजिबातच बदलू नका.

व्यवहारात मी हे असं करते. संवादातला एखादाच शब्द मूळ भाषेत ठेवते, अख्खं वाक्य नाही, नाहीतर वाचणारा पळून जाईल. अर्थ कंसात देत नाही, समोरच्यानं काय केलं त्यातनं कळू देते. आणि निवेदन, म्हणजे संवादाच्या मधला भाग, तो मी बोलते त्याच मराठीत. काय बे, कुठं निघालायस, हे आमच्या तोंडातलं आहे, त्यात शिवी नाही, प्रेम आहे, पुण्याचा माणूस वाचून दचकला तर दचकू दे. पण एक सावधान, बोली म्हणजे नुसतं ‘लै’ आणि ‘बे’ पेरणं नाही. आमच्यातल्या शिक्षकांनी एका पानात चौदा वेळा बे घातलं होतं, ते नाटकातल्या सोलापूरकरासारखं झालं. बोली शब्दांपेक्षा वाक्य कुठं तुटतं त्यात जास्त असते. ते पकडायला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, घरातल्या कुणालातरी ती गोष्ट सांगा, आणि मग ऐकून टाईप करा. आमच्या विडीवाल्या काकूंचं लिखाण सगळ्यात चांगलं का, तर त्या लिहितच नाहीत, नातीला सांगतात. ‘हजार विड्या दिल्या, चेकरनं मूठभर छाट म्हणून बाजूला टाकल्या, आन त्याच संध्याकाळी त्यातलीच एक ओढत बसला होता मेला.’ यात बदलण्यासारखं काय आहे सांगा.

हसायचं राहू नये. दुःखाचं लिहायचं म्हणून चेहरा पाडून बसायची सवय असते आपल्याला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भाग भागानं आली, बाईंचं शालेय शिक्षण नाही, नवरा न सांगता उठून जाणारा, मग त्याचं धर्मांतर, केवढं सोसलं, आणि तरी पानापानावर हसू येतं कारण त्या नवऱ्याला सोडत नाहीत आणि स्वतःलाही सोडत नाहीत. हे स्वतःला न सोडणं महत्त्वाचं. दुसऱ्याची फजिती लिहायच्या आधी स्वतःची एक लिहा, मग वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवतो.

खरं-खोटं यावर गच्चीवर सगळ्यात जास्त भांडणं झाली. आमचे तात, म्हणजे आजोबा, सांगायचे की स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची फाशी मी माझ्या डोळ्यांनी बघितली, किल्ल्याजवळ. आता मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला, पुण्यात येरवडा जेलमध्ये, सोलापुरात नाहीच. मार्शल लॉ लागला होता इथं, १९३० च्या मेमध्ये, तेव्हा तात पंधरा वर्षांचे, त्यांनी रस्त्यावर काहीतरी भयंकर बघितलं असणार आणि पुढं आयुष्यभरात ते त्या फाशीत मिसळलं असणार. एक जण म्हणाले, काढून टाका, चुकीचं आहे. दुसरे म्हणाले, तसंच ठेवा, आजोबांचा मान आहे. मी दोन्ही केलं नाही, असं लिहिलं, ‘तात सांगायचे, आणि सांगताना डोळे मिटायचे. फाशी येरवड्याला झाली हे मला नववीत कळलं. घरी आले तेव्हा तात ओट्यावर बसले होते. मी त्यांना काही बोलले नाही.’ चार ओळी, निळा आणि लाल दोन्ही त्यात आहेत, आणि तात खोटारडे ठरत नाहीत.

म्हणजे आठवण तशीच लिहायची, पण तपासायची आधी. शाळेचा दाखला, जुनं रेशन कार्ड, लग्नपत्रिका, वाचनालयातले जुने पेपर, जिल्ह्याचं गॅझेटियर, एवढ्यावर बरंच निघतं. एकानं सिद्धेश्वराच्या यात्रेत आमरसाचा मोठा प्रसंग रंगवला होता, पानभर, वास काय, सालं काय. विडीवाल्या काकू शांतपणे म्हणाल्या, जानेवारीत आंबं? संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि हे आमरस ओरपायलेत. नंतर कळलं की तो प्रसंग मामाच्या गावचा मे महिन्यातला होता, यात्रेतला नव्हताच.

क्रमाचं फार टेन्शन घेऊ नका. जन्म, शाळा, लग्न, नोकरी, रिटायर अशी रांग लावायलाच पाहिजे असं नाही. आमच्यातल्या एका बाईंनी सगळं आयुष्य पाण्यावरनं लावलंय, लहानपणीची आडावरची रांग, मग गल्लीतला नळ, मग टँकर, आणि आता चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून गच्चीवर ठेवलेली टाकी. वर्षं कुठंच नाहीत पण बरोबर कळतं कुठला काळ ते, आणि प्रत्येक पाण्यापाशी एक भांडण आहे, त्यामुळं वाचायला मजा. तुमच्याकडं काय आहे बघा, घरं बदलली असतील, सायकल-लुना-स्कूटर असेल, मिलचा भोंगा असेल ज्याच्यावर अख्खी गल्ली घड्याळ लावायची.

आणि दुसऱ्या माणसांबद्दल. ज्याच्यावर राग आहे त्याच्याबद्दल लिहायच्या आधी एक पान त्याच्या बाजूनं लिहा, ‘मी’ म्हणून तोच बोलतोय असं समजून. हे पान छापायचं नाही, फाडून टाकलं तरी चालेल. मला शाळेत एका बाईंनी तेलुगू बोलले म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यांच्यावर मी तीन पानं आग ओकली होती. त्यांच्या बाजूनं लिहायला बसले तर आठवलं की त्या वर्गात साठ-पासष्ट पोरं होती आणि बाईंना दिवस गेलेले होते. राग गेला नाही माझा, पण तीन पानांच्या आठ ओळी झाल्या आणि त्या आठ ओळी जास्त जिव्हारी लागतात. नाव मी घातलेलं नाही. जिवंत माणसांची, विशेषतः घरातल्यांची, भानगड असेल तर त्यांना आधी दाखवा, भावाच्या कर्जाचं प्रकरण मी त्याला वाचून दाखवलं, त्यानं दोन वाक्यं काढायला लावली आणि एक स्वतः घातलं, जे माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मोठ्यानं वाचा हे तर सगळेच सांगतात. मी म्हणते जो तिथं होता त्याला वाचून दाखवा, असेल कोणी तर. मागच्या महिन्यात डब्याचं पान अम्माला वाचून दाखवलं, तिला आता कमी ऐकू येतं म्हणून दोनदा वाचलं. ती म्हणाली, डबा कुठला गं, डबा आपल्याकडं नव्हताच, फडक्यात भाकरी बांधून द्यायचे मी. मी म्हणाले मला स्पष्ट दिसतोय डबा, पितळेचा. ती म्हणाली तो शेजारच्यांचा. बराच वेळ वाद झाला. शेवटी मी डबा काढला नाही, खाली लालमध्ये एक ओळ वाढवली, ‘अम्मा म्हणते डबा नव्हता, फडक्यातली भाकरी होती.’

आणि चटणी, मी विचारलं. चटणी होती, म्हणाली.